अडतीस टक्क्यांवर बंद पडलेला फोन

प्रति,
मा. आयुक्त,
एकात्मिक बाल विकास सेवा योजना,
महाराष्ट्र राज्य

विषय : जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या अंगणवाडी सेविकांच्या मोबाइलच्या बॅटऱ्या

महोदय,



मी जळगावात मोबाइल दुरुस्त करतो. नोकियाचे मागचे झाकण नखाने उघडायचे, त्या काळापासून हेच काम करतो आहे. दुकानात शेतकरी येतात, कॉलेजची मुले येतात, केळीचे ट्रक भरणारे मजूर येतात. गेल्या काही वर्षांत अंगणवाडीच्या ताईही येऊ लागल्या. त्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते, आणि ती मी इतक्यांदा ऐकली की आपल्याला पत्र लिहिल्याशिवाय राहवेना.

महाशिवरात्र होऊन आठवडा झाला होता. पारोळा तालुक्यातल्या एक ताई एसटीने जळगावला आल्या. एका हातात रजिस्टरची पिशवी, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेला फोन. काउंटरवर ठेवत म्हणाल्या, "दादा, चाळीस टक्का दखाडस आनी बंद पडी जास." सलग दोन दिवस असे झाले होते. घरपोच आहार घ्यायला बाई दारात उभी, तिचा चेहरा ॲपमध्ये टिपायला ताईंनी कॅमेरा उघडला आणि फोन काळा पडला. चार्जरला लावला तर पुन्हा चौतीस टक्के दिसायला लागले. पर्यवेक्षिका मॅडमनी नोंदी मागे का राहिल्या म्हणून विचारले. फोनवर चाळीस टक्के दिसत असताना फोन बंद होता, हे त्यांना तरी कसे खरे वाटावे?

मी फोन हातात घेतला तेव्हा अडतीस टक्के होते. त्यांच्यासमोरच फ्लॅश लावून व्हिडिओ सुरू केला. दहा सेकंद झाली नसतील, फोन बंद. मग मागचे कव्हर गरम करून काढले, बॅटरीची पट्टी सोडवली आणि मीटर लावला. ३.८ व्होल्ट. एवढे पाहून कोणीही म्हणेल, बॅटरी चांगली आहे. पण तिच्यावर दीड-दोन अँपिअरचा भार टाकताच काटा सरसर खाली आला आणि ३.२ च्याही खाली गेला. भार काढला की पुन्हा वर. नंतर बॅटरी बाजूला ठेवून तोच फोन डीसी सप्लाय मशीनवर चालवला. कॅमेरा, फ्लॅश, नेट सगळे एकदम चालू ठेवले. अर्धा तास फोन हलला नाही. फोन बंद असताना मशीनचा काटा शून्यावर होता, म्हणजे बोर्डावर कुठे लीकेजही नव्हते. फोन ठणठणीत होता. दमली होती ती बॅटरी.

आपल्या भागातला शेतकरी हे एका वाक्यात समजतो, कारण त्याने हे विहिरीवर पाहिलेले असते. उन्हाळ्यात विहिरीत पाणी दिसते, पण झरे आटलेले असतात. मोटर सुरू केली की पाच मिनिटांत पाणी तुटते. बंद करून तासभर थांबलो की पातळी पुन्हा वर येते. पाणी आहे, पण उपशाला पुरत नाही. जुन्या लिथियम बॅटरीचे अगदी तसेच होते. पडद्यावरचे टक्के पाणी किती ते सांगतात, झरे किती जिवंत आहेत ते सांगत नाहीत. बॅटरी जुनी होते तसा तिच्या आतला अडथळा वाढत जातो. फोन शांत असतो तोवर काही जाणवत नाही. कॅमेरा, फ्लॅश, जीपीएस आणि नेट एकाच वेळी मागायला लागले की व्होल्टेज कोसळते आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. आणि आपण ताईंना सांगितलेले काम नेमके हेच आहे: कॅमेरा, नेट आणि मोठा उजेड, तिन्ही एकदम.

साहेब, आता खान्देशच्या उन्हाबद्दल. मोठ्या कंपन्या आपल्याच माहितीपत्रकात लिहितात की फोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावा. जळगाव, भुसावळ, धुळे इथे एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ४० च्या खाली फारसा येत नाही, आणि ४५ गाठला तरी कोणाला नवल वाटत नाही. हे सावलीतले तापमान. पत्र्याच्या खोलीत भरणारी अंगणवाडी, मोटारसायकलच्या टाकीवरची पिशवी, गृहभेटीला चालताना हातात धरलेला फोन, यांचे तापमान कुणी मोजत नाही. बॅटरीच्या धंद्यात एक तक्ता प्रसिद्ध आहे. पूर्ण चार्ज केलेली लिथियम बॅटरी वर्षभर २५ अंशांत नुसती ठेवली तर तिची क्षमता साधारण ८० टक्के उरते. तीच ४० अंशांत ठेवली तर ६५. ही झीज नुसती ठेवून झाली, वापराची झीज वेगळी. म्हणजे पुण्या-मुंबईला जी बॅटरी तीन वर्षे निघते, ती रावेरला किंवा शिरपूरला तेवढी निघेलच असे धरून चालता येत नाही. निविदेतला फोन सगळ्या राज्यासाठी एक असतो, पण ऊन सगळ्या राज्यात एक नसते.

उन्हाळ्यात आणखी एक तक्रार येते: "चार्जर लावला तरी टक्के वाढत नाहीत." लोक चार्जर बदलतात, केबल बदलतात, पिन बदलायला सांगतात. पुष्कळदा यात बिघाड काहीच नसतो. बॅटरी ४५ अंशांच्या आसपास तापली की बहुतेक फोन चार्जिंग मंद करतात किंवा थांबवतात, आणि ते योग्यच करतात. दुपारी दोनला पत्र्याखाली चार्ज न होणारा फोन पहाटे पाचला छान चार्ज होतो. हिवाळ्यात उलट घडते. धुळ्यात थंडीत पारा सहा-सात अंशांपर्यंत उतरतो, आणि थंडीने बॅटरीच्या आतला अडथळा वाढतो. सकाळी गार पडलेला जुना फोन तीस टक्क्यांवर बंद पडतो आणि ऊन लागले की चालतो, ते यामुळे. एकाच जिल्ह्यात दोन्ही टोके सोसणारी यंत्रे आपण वापरतो आहोत.

त्यात नेटवर्क. यावल, चोपडा, रावेर, शिरपूर, साक्री तालुक्यांत सातपुड्याच्या आणि सह्याद्रीच्या अंगाला असलेल्या पाड्यांवर टॉवर लांब असतो. सिग्नल क्षीण असला की फोन जास्त ताकद लावून टॉवरला हाका मारत राहतो. खिशात नुसता पडलेला फोनही तिथे दुपारपर्यंत निम्मा होतो. ताई म्हणतात, "मी तर हातसुद्धा लावला नाही." खरेच लावलेला नसतो. आणि कुपोषणाची काळजी जिथे सगळ्यात जास्त करायची, ते हेच पाडे आहेत. तिथे एका बाळाचे वजन एक महिना उशिरा नोंदले गेले, तर त्याचे मोल बॅटरीच्या किमतीत मोजता येणार नाही.

हे दुखणे नवे नाही, हे आपल्या दप्तरातही सापडेल. पोषण अभियानात २०१९ च्या सुमारास राज्यातल्या लाखाहून अधिक सेविकांना शासनाने फोन दिले. १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे ॲप आले, फोनवरचा भार वाढला. दोन जीबी रॅमचे ते फोन तापत, अडकत, बंद पडत. वॉरंटी संपलेली होती, आणि दुरुस्तीचा खर्च ताईंच्या माथी येत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी ते फोन कार्यालयांत नेऊन परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाइलची मागणी होती. आता तर जुलै २०२५ पासून घरपोच आहारासाठी चेहऱ्याची ओळख सक्तीची झाली आहे, म्हणजे दर वाटपाला कॅमेरा आणि नेट आलेच. काम दरवर्षी जड होते आणि बॅटरी दरवर्षी हलकी होते. फोन बदलून हा प्रश्न सुटत नाही, कारण नव्या फोनची बॅटरीही पहिल्या उन्हाळ्यापासून झिजायला लागते.

मी ताईंची बाजू घेतो म्हणून हे लिहितो असे वाटू नये. जगातल्या सगळ्यात महागड्या फोनचेही हेच झाले आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ॲपलला आयफोन ६ एसच्या काही फोनांची बॅटरी मोफत बदलून द्यावी लागली, कारण ते टक्के शिल्लक असताना अचानक बंद पडत होते. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने एक अपडेट दिले. त्यामुळे जुन्या बॅटरीचे फोन बंद पडणे कमी झाले, पण ते गुपचूप मंद केले गेले होते. डिसेंबर २०१७ मध्ये कंपनीने हे कबूल केले, माफी मागितली आणि बॅटरी बदलण्याचा दर उतरवला. भारतात तो साडेसहा हजारांवरून दोन हजार रुपयांवर आला. २०२० मध्ये फ्रान्सने याच प्रकरणात अडीच कोटी युरोंचा दंड केला. ज्या फोनची किंमत ताईंच्या कित्येक महिन्यांच्या मानधनाएवढी, तोही बॅटरी दमली की बंद पडतो. मग आमच्या ताईंना "तुम्ही नीट वापरत नाही" असे कसे म्हणायचे?

हे पत्र खुले आहे, ताईही वाचतील. म्हणून कोणी दुकानात येण्याआधी घरीच काय पाहावे, ते इथेच लिहितो. बंद पडणाऱ्या प्रत्येक फोनची बॅटरी खराब नसते, आणि दुखणे ओळखल्याशिवाय पैसे घालू नयेत.

पहिली गोष्ट, फोन कसा बंद पडतो ते आठ दिवस वहीत लिहा. किती टक्के होते, काय चालू होते, फोन गरम होता की गार, आणि चार्जरला लावल्यावर किती टक्के दिसले. दुरुस्तीवाल्याला या चार रकान्यांतून निम्मे दुखणे कळते.

फोन भराभर उतरतो, पण शेवटच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत जाऊनच बंद होतो, असे असेल तर आधी वापर तपासा. सेटिंगमध्ये बॅटरीचे पान असते, त्यात कोणत्या ॲपने किती खाल्ले ते दिसते. ज्या ॲपला आपण दिवसभर हात लावला नाही ते वर दिसत असेल, तर त्याचे मागे चालणे बंद करा. ठिकाण सांगायची परवानगी "ॲप वापरताना" एवढीच ठेवा. पडद्याचा उजेड कमी करा. पाड्यावर नेटवर्क नसेल तर गृहभेटीच्या वाटेवर विमान मोड लावा, फोन टॉवर शोधणे थांबवतो. फोनची साठवण गच्च भरली असेल तर फोन अडकतो आणि तापतोही. पाठवलेले व्हिडिओ आणि शुभेच्छांची चित्रे काढून टाका.

फोन तीस-चाळीस टक्क्यांवर कॅमेरा किंवा कॉलच्या वेळी बंद पडतो आणि चार्जरला लावताच जवळपास तेवढेच टक्के दाखवतो, तर बॅटरी दमली आहे. खात्री करायची तर चार्जर लावलेला ठेवून तेच काम करून पाहा. चार्जरवर नीट चालतो आणि काढला की पडतो, तर शंका उरत नाही. अशा फोनला ॲप काढून, फोन रिसेट करून काही उपयोग नाही. रिसेट करण्याच्या नादात नोंदी आणि फोटो मात्र जातात.

फोन चार्जरवर असतानाही बंद पडतो, हात लागताच किंवा धक्का बसताच पडतो, किंवा आपोआप बंद-चालू होत राहतो, तर दोष बॅटरीचा नसू शकतो. पॉवर बटण दबून बसले असेल, बॅटरीचा कनेक्टर ढिला असेल, किंवा बोर्डावर पाणी गेले असेल. एकदा सेफ मोडमध्ये चालवून पाहा. बहुतेक फोनमध्ये बंद करायचा पर्याय पडद्यावर दाबून धरला की हा मोड मिळतो. त्यात केवळ कंपनीची ॲप चालतात. तिथे दिवसभर ठीक चालला तर एखादे बाहेरचे ॲप त्रास देते आहे. तिथेही पडला तर फोन उघडावा लागेल.

आणि मागचे कव्हर उचललेले दिसले, पडदा एका कडेने वर आला, किंवा फोन सपाट टेबलावर ठेवून बोट लावताच गरगर फिरला, तर बॅटरी फुगली आहे. असा फोन लगेच बंद करा, चार्ज करू नका, उशाखाली ठेवू नका, मुलांच्या हातात देऊ नका, आणि सुई टोचून हवा काढायचा प्रयत्न तर कधीच करू नका. आत गॅस असतो आणि भोक पडले की बॅटरी पेट घेऊ शकते. अंगणवाडीत तीन-चार वर्षांची लेकरे असतात. फुगलेली बॅटरी तिथे एक दिवसही राहू नये.

चार्जिंगच्याही दोन गोष्टी. रात्रभर उशीजवळ लावण्यापेक्षा पहाटे गारव्यात लावा, जाड कव्हर काढून लावा. वीस ते ऐंशी टक्क्यांच्या मध्ये बॅटरी ठेवता आली तर ती जास्त जगते. अगदी शून्यावर नेणे आणि दिवसभर शंभरावर तापत ठेवणे, दोन्ही तिला मारक.

नवी बॅटरी घालताना सगळ्यात मोठा धोका नकलेचा. बाजारात "ओरिजिनल", "ए-वन कॉपी" अशा नावांनी बॅटऱ्या मिळतात. लेबलवर पाच हजार एमएएच लिहिलेले असते, आत त्याच्या निम्मीही ताकद नसते. भारतात विकायच्या लिथियम बॅटरीला आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे आणि तिच्यावर आर पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो. तो क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहता येतो. दुकानदाराला हा क्रमांक दाखवायला सांगा. प्रामाणिक दुकानदाराला राग येणार नाही. पावती घ्या. फसवणूक झाली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

साहेब, मला एक जुनी आठवण सांगावीशी वाटते. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाच्या बीएल-५सी बॅटरीची बातमी आली. जगभरात चार कोटी साठ लाख बॅटऱ्यांत दोष असू शकतो, असे कंपनीने जाहीर केले होते. तेव्हा लोक बॅटरी काढून हातात घेऊन दुकानात यायचे, तिच्यावरचा क्रमांक वाचून घ्यायला. क्रमांक सापडला तर बॅटरी बदलून मिळायची, आणि बदलायला दहा सेकंद लागायचे. आज बॅटरी गोंदाने आत चिकटवलेली असते. ती बदलायला हीटर, पातळ पाती, दोन तास आणि अनुभवी हात लागतो. खेड्यातल्या ताईला ते घरी जमणार नाही आणि जमवायलाही जाऊ नये. युरोपने कायदा केला आहे की १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान, सहज नेता येणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यावी. २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनची बॅटरी ८०० वेळा चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमतेची असावी, अशीही अट आहे. आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. शासन जेव्हा लाखभर फोन एकदम विकत घेते, तेव्हा ते देशातल्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक असते. एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाने अट घातली तर कोणती कंपनी नाही म्हणेल?

खान्देशातला शेतकरी पाण्याची मोटर घेतो तेव्हाच त्याला माहीत असते की दोन-तीन वर्षांनी वाइंडिंग जळणार, बेअरिंग बदलावे लागणार. तो खर्च त्याच्या हिशेबात असतो. ठिबकच्या नळ्या किती हंगाम टिकतील, हेही तो धरून चालतो. आपण फोन दिला, पण त्यातला झिजणारा भाग हिशेबात धरला नाही. सगळी चूक इथे आहे, आणि ती दुरुस्त करणे अवघड नाही.

माझ्या मागण्या या आहेत.

१. पुढच्या खरेदीच्या निविदेत बॅटरीची वेगळी अट असावी. ८०० वेळा चार्ज झाल्यावर किमान ८० टक्के क्षमता, पाच वर्षे सुट्या बॅटऱ्यांचा पुरवठा, आणि बॅटरीची वॉरंटी फोनएवढीच.

२. दरवर्षी फेब्रुवारीत, ऊन चढण्याआधी, प्रत्येक फोनच्या बॅटरीची तपासणी व्हावी. भार टाकून व्होल्टेज मोजायला एका फोनमागे दहा मिनिटे पुरतात. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय आयटीआयमधली मुले हे काम शिकत-शिकत करू शकतील.

३. दमलेली बॅटरी बदलण्याचा खर्च कार्यालयाने करावा. त्यासाठी फोनमागे वर्षाला एक ठरावीक रक्कम धरून ठेवावी. खान्देश आणि विदर्भासारख्या उष्ण जिल्ह्यांना ती थोडी जास्त असावी.

४. नेट नसताना केलेली नोंद फोनमध्येच सुरक्षित राहावी आणि गावात आल्यावर आपोआप चढावी, ही सोय ॲपच्या प्रत्येक कामाला मिळावी. यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा.

५. फोन बंद होता हे रजिस्टरमध्ये त्याच दिवशी लिहिले असेल, तर राहिलेल्या नोंदीचा परिणाम ताईंच्या मानधनावर, भत्त्यावर किंवा लाभार्थी बाईच्या आहारावर होऊ नये. फोन बंद आहे म्हणून गरोदर बाई रिकाम्या हाताने परत जाता कामा नये.

६. जुन्या आणि फुगलेल्या बॅटऱ्या तालुक्याला जमा करून घ्याव्यात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्यांचे काय करायचे ते ठरलेले आहे. फक्त त्या गावातून उचलणारे कोणी हवे.

यातली एकही मागणी मोठ्या खर्चाची नाही. माझ्या दुकानात अशा फोनची चांगली बॅटरी मजुरीसकट हजार-बाराशे रुपयांत बसते. घाऊक खरेदीत ती याहून पुष्कळ स्वस्त पडेल. आमच्यासारखे दुरुस्तीवाले तपासणीच्या दिवशी आयटीआयच्या मुलांबरोबर बसायला तयार होतील. मी तर होईनच, आणि त्या दिवसाचे पैसे घेणार नाही.

पारोळ्याच्या त्या ताईंची बॅटरी मी त्याच दिवशी बदलून दिली. संध्याकाळी चारची गाडी गाठायची म्हणून त्या घाईत होत्या. निघण्याआधी त्यांनी फोन चालू करून कॅमेरा उघडला, फ्लॅश लावला आणि दोन मिनिटे नुसत्या पडद्याकडे बघत राहिल्या. फोन चालू राहिला. मी पावती लिहायला घेतली आणि विचारले, कोणाच्या नावाने करू? त्या म्हणाल्या, माझ्याच नावाने करा, ऑफिसला पाठवून उपयोग नाही. त्यांनी रुमालाची गाठ सोडून पैसे मोजून दिले.

शासनाच्या कामासाठी, शासनाने सांगितलेल्या ॲपसाठी लागलेल्या त्या बॅटरीच्या पावतीवर एका अंगणवाडी सेविकेचे नाव आहे. पुढच्या पावतीवर ते आपल्या कार्यालयाचे असावे, आणि मे महिना लागण्याआधी असावे, एवढी कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक मोबाइल दुरुस्ती कारागीर,
जळगाव